अजिंठ्याची दरी आणि डोंगराचें छायाचित्र

चाळीसगांवाहून दक्षिणेकडे पाहिलें म्हणजे सातमाळ्याची रांग आडवी पसरलेली दिसते. आमच्या भडगांवची तरुण मंडळी पावसाळ्यांत पाटणादेवीस जातात आणि खिशांतील फोनानें डोंगराचीं शेंकडों चित्रें टिपून आणतात. घरीं येऊन तीं पाहतांना मात्र बहुतेकांचा हिरमोड होतो. जो कडा पाहण्यास मान वर करावी लागली, तो चित्रांत शेताच्या बांधाएवढा झालेला असतो! यंत्रांत उणें कांहीं नसतें. ही अडचण छायाचित्रणाच्या कलेइतकीच जुनी आहे, आणि तिच्याशीं झगडलेल्या पहिल्या पिढींतील एक मनुष्य आपल्या खानदेशाच्या उंबरठ्यावर, अजिंठ्यास, अनेक वर्षें राहिला होता.

रॉबर्ट गिल हा मद्रासच्या फौजेंतील अधिकारी. १८४४ सालीं कंपनी सरकारनें त्यास अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यास नेमलें. त्यानें तैलरंगांत केलेल्या या नकला लंडनजवळ सिडनहॅम येथील स्फटिकगृहांत मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागली आणि वर्षानुवर्षांचे ते श्रम बहुतेक सारे भस्म झाले. छायाचित्रें मात्र उरलीं. फर्ग्युसनच्या मजकुरासह त्यांचीं दोन पुस्तकें १८६४ सालींच निघालीं होतीं. त्यांपैकीं एक शंभर जोडचित्रांचें होतें. गिल १८७९ सालीं वारला. त्याची कबर भुसावळास आहे.

जोडचित्र म्हणजे काय, हें नव्या पिढीस सांगितलें पाहिजे. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यानें एकाच देखाव्याचीं दोन चित्रें घ्यावयाचीं. भिंगांतील अंतर आपल्या डोळ्यांतील अंतराएवढें, म्हणजे सुमारें अडीच इंच. दोन्ही चित्रें दोन कांचांच्या चौकटींतून एकदम पाहिलीं कीं देखाव्यास खोली येते. पण ही खोली जवळच्या वस्तूंसच येते. दूरचा डोंगर दोन्ही चित्रांत सारखाच उमटतो, म्हणून तो नाटकाच्या पडद्यासारखा सपाट राहतो. तेव्हां जोडचित्र घेणाऱ्यास पुढें एखादा खडक, एखादें झाड किंवा उभा मनुष्य शोधणें भागच पडे. आमच्या मुलांच्या चित्रांत नेमकी हीच उणीव असते. मनुष्य दिसला कीं कड्यास माप मिळतें. अजिंठ्याची दरी तर याच कामासाठीं घडविल्यासारखी आहे! वाघूर नदीनें ती घोड्याच्या नालासारखी कोरली आहे. एका टोकाशीं उभें राहिलें कीं पायाजवळचा कातळ, मधलें पात्र आणि समोरचा लेण्यांचा कडा हीं तिन्ही एका दृष्टिक्षेपांत येतात.

त्या काळीं चित्र घेणें हा एक संसारच होता. आर्चरनें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीप्रमाणें कांचेवर कलोडियन नांवाचें चिकट द्रव पसरावयाचें, कांच रौप्यक्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ती ओली आहे तोंच चित्र घ्यावयाचें आणि ओली आहे तोंच अंधाऱ्या तंबूंत धुवावयाचें. आमच्या उन्हाळ्यांत ती वाळावयास कितीसा वेळ! म्हणून तंबू, बाटल्या, पाणी, सारें डोंगरावर न्यावें लागे. नॉटिंगहॅमच्या पेढीवरील पूर्वीचा कारकून सॅम्युएल बोर्न यानें हा सारा पसारा १८६६ सालीं हिमालयांतील मणिरंग खिंडींत, १८,६०० फुटांवर, हमालांकरवीं चढविला. वाऱ्यानें पान हाललें तर झाड पुसट होई, म्हणून वारा पडेपर्यंत थांबावयाचें. असा मनुष्य कोठें उभें राहावें याचा विचार आधीं करी.

ओल्या कांचेचा आणखी एक दोष असा कीं तिला निळा रंग फार लवकर लागे. त्यामुळें आकाश कोरें पांढरें उमटे आणि दूरच्या रांगा निळसर धूसरतेंत विरून जात. फ्रान्समधील ल ग्रे यानें १८५६-५७ च्या सुमारास समुद्राच्या चित्रांस दुसऱ्या कांचेवरील आकाश जोडून ही उणीव भरली. चित्रें सुंदर झालीं खरीं, परंतु मला ही युक्ति पसंत नाहीं. पुढें निजामी अमदानींत अजिंठ्याच्या कांहीं लेण्यांचे मोडके खांब नव्यानें उभारले गेले. त्यापूर्वीचें रूप ज्यास पाहावयाचें आहे, त्यास गिलच्या काळचीं चित्रें हा पुरावा आहे. आणि पुराव्यांत कलम चालत नाहीं. आतां फोन स्वतःच आकाश बदलून देतो म्हणतात.

१९२७ सालीं अमेरिकेंत ॲन्सेल ॲडम्सनें योसेमिटीच्या कड्याचें चित्र घेतांना भिंगापुढें तांबडी कांच धरली. निळें आकाश जवळजवळ काळें झालें आणि खडक उठून दिसला. गिलच्या कांचेस तांबडा रंग दिसतच नसल्यानें हा उपाय त्याच्या हातीं नव्हता. त्याच्यापाशीं हवा आणि घटका एवढींच साधनें. खानदेशांत वैशाखांतील धुळीनें सातमाळा पुसून जातो; आश्विनांत, पाऊस ओसरल्यावर, तोच घडीघडीनें दिसूं लागतो. दुपारीं ऊन माथ्यावर आलें कीं त्या घड्या मिटतात. सकाळीं आठच्या सुमारास, वारा उठण्यापूर्वीं, तिरप्या उन्हांत कड्याची एक बाजू उजळलेली आणि दुसरी सांवलींत असते; यंत्र कोणतेंही असो, तेथें न्यावयाची वेळ ती.