कंपौंडरची खाच आणि फार्मासिस्टचा प्रश्न

आमच्या पिढीच्या कोल्हापुरात औषध देणारा म्हणजे कंपौंडर. डॉक्टरांची चिठ्ठी पडद्याआड जायची आणि थोड्या वेळाने गुलाबी मिक्श्चरची बाटली बाहेर यायची. बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असे. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा नुसती बाटली बघून सांगायची, "अजून दोन डोस राहिलेत."

पण जुने ते सगळे सोने नव्हते. औषधांत भेसळ होती, आणि ती देणारा शिकलेला असेलच असेही नव्हते. म्हणून १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पुढे १९४० मध्ये औषधांचा कायदा झाला आणि १९४८ मध्ये फार्मसीचा. औषध शिकलेल्या, नोंदणीकृत माणसानेच द्यावे, हे ठरले. चांगलेच झाले.

दरम्यान कारखान्यातल्या तयार गोळ्या आल्या, मिक्श्चर मागे पडले आणि त्याबरोबर ती खाचही गेली. आता पाकीट घरी गेल्यावर गोळीचे काय होते, हे कुणालाच दिसत नाही. आमच्या वयाच्या मंडळींचेच बघा ना. बीपीचा डॉक्टर वेगळा, साखरेचा वेगळा, गुडघ्याचा तिसराच. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल आणि सर्दीच्या गोळीतही तेच, पण नावे निराळी, म्हणून दोन्ही घेतल्या जातात. बीपी 'नॉर्मल' आला की कुणी गोळी आपल्या मनानेच बंद करतो. तो गोळीमुळेच नॉर्मल आला होता, हे सांगणार कोण?

इंग्लंडने यावर २००५ साली एक उपाय काढला. दुकानातला फार्मासिस्ट पेशंटला बाजूला बसवून विचारायचा, "ही सगळी औषधे तुम्ही घेता कशी?" या कामाचे पैसे त्याला सरकारी आरोग्यसेवा देई. २०२१ मध्ये ती योजना संपली आणि औषधांचा असा आढावा डॉक्टरांच्या दवाखान्यांबरोबर काम करणाऱ्या फार्मासिस्टांकडे गेला.

आपल्याकडे हे जमणारच नाही, असे मात्र म्हणू नका. इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने २००६ च्या सुमारास मुंबई परिसरात औषध दुकानदारांना क्षयरोगाच्या कामात आणले. पेशंटने दुकानात यायचे आणि फार्मासिस्टच्या देखत गोळ्या घ्यायच्या. २०१२ मध्ये केंद्राच्या क्षयरोग विभागानेही यासाठी करार केला. मग २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत तर लिहूनच आले, की औषध कशासाठी, कसे घ्यायचे, कसे ठेवायचे आणि डोस चुकला तर काय करायचे, हे फार्मासिस्टने पेशंटला समजावून सांगावे.

नियम आहे, पण या बोलण्याचे वेगळे पैसे दुकानदाराला कोण देतो? काउंटरवर गर्दी, आणि आपणही "लवकर द्या हो, रिक्षा थांबलीय" म्हणणारे! तेव्हा सुरुवात आपणच करावी, असे मला वाटते. घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णासकट, एका पिशवीत घालाव्यात आणि दुपारी दुकान रिकामे असताना जाऊन विचारावे, "यातले काही दोनदा होतंय का?" आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यातले काही बंद मात्र करू नये.

असो. तुमच्या गल्लीतला औषधवाला तुम्हाला कधी काही विचारतो का? जरूर कळवा.