शत्रूंच्या मुलांची शाळा

लढायांचा इतिहास आपण हौसेने वाचतो. तहांचा मात्र परीक्षेपुरता. पण तहावर सह्या झाल्या, सैन्ये घरोघर परतली, की त्या दोन्ही देशांच्या मुलांचे पुढे काय होते? एकमेकांच्या बापांना ज्यांच्या बापांनी मारले, ती मुले एका बाकावर बसू शकतात काय? क्रमिक पुस्तकात याचे उत्तर नाही. मी मॅट्रिकच्या पुढची पायरी न चढलेला शाळामास्तर. परंतु या प्रश्नाचा माग काढताना मला एका शाळेची हकीकत गवसली. तीच आज वाचकांच्या फराळाच्या ताटाशेजारी ठेवीत आहे.

या शाळेच्या मुळाशी एक मास्तरच आहे. कुर्ट हान त्यांचे नाव. १८८६ साली बर्लिनमधल्या एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीचे चान्सलर असलेले बाडेनचे राजपुत्र मॅक्स यांच्या साहाय्याने त्यांनी १९२० साली सालेम येथे शाळा काढली. मुलांनी पुस्तकी किडे होऊ नये, सत्य बोलावे, अंगमेहनत करावी, असा त्यांचा कटाक्ष असे.

मग १९३२ चा ऑगस्ट उजाडला. पोटेंपा नावाच्या खेड्यात नाझी स्वयंसेवकांनी एका कम्युनिस्ट मजुराला त्याच्या आईदेखत तुडवून ठार केले. न्यायालयाने मारेकऱ्यांना देहान्ताची शिक्षा दिली, तर हिटलरने त्यांच्या पाठीशी असल्याची तार केली! हान यांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहिले. त्याचा मथितार्थ एवढाच, की जे हिटलरच्या पथकांत असतील त्यांनी एक तर त्याला सोडावे, नाही तर सालेमशी नाते तोडावे. म्हणजे त्यांच्या हाताखालून गेलेली मुलेही तिकडे गेली होतीच. कोणत्याही शिक्षकाचे काळीज चरकावे अशी ही गोष्ट आहे. चांगली शाळा, चांगले गुरुजी, आणि तरीही!

१९३३ च्या मार्चमध्ये हान यांना अटक झाली. ब्रिटनचे पंतप्रधान रॅम्से मॅकडोनल्ड यांनी रदबदली केली, तेव्हा ते सुटले आणि मायदेश सोडून ब्रिटनला गेले. तिथे १९३४ साली त्यांनी स्कॉटलंडात गॉर्डनस्टन ही शाळा स्थापन केली. दुसरे महायुद्ध झाले. त्यानंतर १९५५ साली पॅरिसमधल्या नाटोच्या संरक्षण महाविद्यालयात व्याख्यानासाठी गेले असता त्यांना एक नवल दिसले. दहा वर्षांपूर्वी एकमेकांवर बंदुका रोखणारे अधिकारी तिथे एका टेबलाभोवती बसून अभ्यास करीत होते. हान यांच्या मनाने घेतले, की हे पिकल्या केसांच्या माणसांना जमते, तर कोवळ्या पोरांना का जमू नये?

त्यातून १९६२ साली वेल्सच्या किनाऱ्यावर, सेंट डोनाट्सच्या जुन्या किल्ल्यात, अटलांटिक कॉलेज सुरू झाले. पहिले मुख्याध्यापक नौदलातले रिअर ॲडमिरल डेस्मंड होअर. विद्यार्थी सोळा ते एकोणीस वर्षांचे, नाना देशांचे. आरंभी केवळ मुलगे. १९६७ पासून मुलीही आल्या. पुढे १९७१ साली या शाळेने ब्रिटिश परीक्षा बाजूला सारून आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट हा अभ्यासक्रम पत्करला. त्यात सहा विषय. स्वभाषेचे साहित्य हवे, दुसरी भाषा हवी, गणित हवे, शास्त्र हवे. शिवाय चार हजार शब्दांपर्यंतचा एक स्वतंत्र निबंध, आणि ‘आपल्याला जे ठाऊक आहे ते कशावरून ठाऊक आहे’ याचा विचार करायला लावणारा एक तास. हा शेवटचा विषय वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. आमच्याकडे तो प्रश्न पोराने विचारला तर त्याला उद्धट म्हणतात.

पण हान यांचा खरा भरवसा पुस्तकांवर नव्हता. तो समुद्रावर होता. किल्ल्याखालची खाडी मोठी दगाबाज. तिथे बुडणाऱ्यांना वाचवण्याचे काम विद्यार्थ्यांकडे आले, आणि १९६३ पासून २०१३ पर्यंत तिथे जीवरक्षक होड्यांचे अधिकृत ठाणे होते. तळ कडक आणि कडा हवेने फुगवलेल्या अशी नवी होडी होअर व त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथेच प्रयोग करून बनवली. तिचे हक्क त्यांनी जीवरक्षक संस्थेला अवघ्या एका पौंडाला दिले. १९७२ पासून सेवेत आलेल्या होड्यांना ‘अटलांटिक २१’ हे नाव पडले, ते या शाळेवरूनच. लाटेत सापडलेल्या माणसाकडे दोर फेकताना शेजारचा गडी कुठल्या देशाचा, हे कोण विचारीत बसेल?

या रोपट्याच्या पुढे फांद्या झाल्या. एक आपल्या दारात आहे : १९९७ साली पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात, डोंगरमाथ्यावर, महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज उघडले. दुसरी बोस्नियातल्या मोस्तार शहरात. तिथल्या युद्धात गावातला जुना पूल १९९३ साली तोफांनी पाडला गेला. तो २००४ साली पुन्हा उभा राहिला; पण तिथल्या एकाच शाळेच्या इमारतीत क्रोएट आणि बोस्नियाक मुले वेगवेगळे अभ्यासक्रम शिकत राहिली. त्याच इमारतीत २००६ साली हे आंतरराष्ट्रीय कॉलेज भरू लागले. दगडांचा पूल अकरा वर्षांत बांधून झाला; मनांच्या पुलाला किती लागतील, याचे अंदाजपत्रक कुणी इंजिनिअर देणार नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. या शाळा महागड्या. शिष्यवृत्त्या असल्या तरी जागा मोजक्या. दोन वर्षे एकत्र राहिलेल्या मूठभर पोरांनी जगाचे वैर कसे आटणार? मलाही तसे वाटते. परंतु साने गुरुजींनी प्रांताप्रांतांतली मने जोडण्यासाठी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले, तेव्हा त्यांच्या गाठीला तरी कोणता खजिना होता?

आणि आपल्या शाळांना परदेशी मुले कशाला हवीत? एकाच गावच्या चार वाड्यांतली पोरे मधल्या सुट्टीत कोण कुणाच्या डब्यातला घास घेते, ते एकदा डोळे उघडे ठेवून पाहावे. वैर शिकायला सीमा ओलांडावी लागत नाही. हान यांच्या आयुष्याने मला सांगितले ते हे, की नुसत्या धड्याने ते जात नाही. सालेमच्या धड्यांनीही गेले नव्हते. दोघांनी मिळून ओढल्याशिवाय किनाऱ्याला लागणार नाही, अशी एखादी होडी पोरांच्या हाती द्यावी लागते. विहिरीचा गाळ असेल, पूरग्रस्तांची सोय असेल, ती होडी प्रत्येक गावात आहे. तिच्यात कोणाला कोणाशेजारी बसवायचे, एवढे मात्र मास्तराने ठरवायचे.