न्यूट्रॉन आत, अल्फा बाहेर

१९३२ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावला. त्याच वर्षी त्यांचे सहकारी नॉर्मन फेदर यांना नायट्रोजन असलेल्या मेघकोठीत, म्हणजे भारित कणांची वाट बाष्पाच्या थेंबांनी उमटवणाऱ्या पात्रात, एकाच बिंदूतून फुटलेल्या दोन रेषा दिसल्या. न्यूट्रॉन शिरल्यामुळे नायट्रोजनच्या अणुकेंद्रातून अल्फा कण, म्हणजे हेलियमचे केंद्र, बाहेर पडून मागे बोरॉन उरल्याची ती खूण होती. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्याने त्याला आत शिरायला अडकाठी नसते. अडते ते अल्फाचे, कारण त्याला केंद्राच्या विद्युत प्रतिकर्षणातून उभा राहिलेला बांध ओलांडावा लागतो आणि केंद्र जितके जड तितका तो बांध उंच असतो.

एन्रिको फर्मी यांच्या रोममधील गटाने १९३४ मध्ये एकेका मूलद्रव्यावर न्यूट्रॉनांचा मारा केला तेव्हा हा भेद ठळक झाला. हलक्या मूलद्रव्यांतून अल्फा किंवा प्रोटॉन निघत, तर जड केंद्रे बहुधा न्यूट्रॉन गिळून स्वस्थ बसत. अल्फा मात्र कागदाच्या तावानेही अडतो, त्यामुळे तो प्रत्यक्ष पकडण्याऐवजी मागे काय उरले ते तपासणे सोयीचे ठरले: ॲल्युमिनियममधून अल्फा गेला की सोडियमचा सुमारे १५ तास अर्धायुष्याचा किरणोत्सर्गी प्रकार उरतो आणि तो रासायनिक रीतीने वेगळा करून मोजता येतो. सक्रियण पद्धत म्हणतात ती हीच.

बर्लिनमध्ये या बांधाचा इशारा पुरता मनावर घेतला गेला नाही. युरेनियमवर न्यूट्रॉन सोडल्यावर रेडियम मिळते, म्हणजे केंद्रातून दोन अल्फा निघतात, असे ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान १९३८ च्या शरदात मानू लागले होते, जरी मंद न्यूट्रॉनांच्या तुटपुंज्या ऊर्जेने असे घडणे भौतिकशास्त्रज्ञांना पटत नव्हते. त्यांच्याच संस्थेतील गॉटफ्रीड फॉन ड्रोस्टे यांनी तर युरेनियमपासून निघणाऱ्या दूर पल्ल्याच्या अल्फांचा शोध घेतला होता. युरेनियमचे नैसर्गिक अल्फा अडावेत म्हणून नमुन्यावर पातळ पत्रा घातला आणि त्याच पत्र्याने अणुभंजनाचे, म्हणजे केंद्र दुभंगून निघणारे, जड तुकडेही अडवले. अल्फाच्या शोधात अणुभंजन हातचे निसटल्याचा इतका बोलका दाखला दुसरा क्वचितच सापडेल. डिसेंबरात ते ‘रेडियम’ प्रत्यक्षात बेरियम असल्याचे हान आणि श्ट्रासमान यांना आढळले.

पुढे प्रश्न ‘निघतो का’ एवढाच न राहता ‘किती वेळा’ असा झाला. ही शक्यता काटछेदाने मांडतात, म्हणजे न्यूट्रॉनला केंद्र केवढ्या क्षेत्रफळाचे लक्ष्य भासते त्या मापाने. त्याचे एकक ‘बार्न’, धान्याचे कोठार, हे नाव भौतिकशास्त्रज्ञांच्या थट्टेतून आले. मंद न्यूट्रॉनसाठी बोरॉन-१० चा अल्फा काटछेद सुमारे ३,८४० बार्न असतो, तर ॲल्युमिनियमला सव्वातीन दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा उंबरठा ओलांडावा लागतो आणि १४ दशलक्षांवरही हा आकडा बार्नच्या अष्टमांशाच्या आसपासच राहतो.

हे आकडे आधीच वर्तवण्याचा पाया ठरली ती नील्स बोर यांनी १९३६ मध्ये मांडलेली संयुक्त केंद्राची कल्पना: न्यूट्रॉनची ऊर्जा आधी साऱ्या केंद्रात वाटली जाते आणि बाहेर कोण पडेल हे मग ठरते. १९५२ मध्ये हाउझर आणि फेशबाख यांनी तिला कोनीय संवेगाचा काटेकोर हिशेब जोडला, तर १९६६ मध्ये ग्रिफिन यांनी वाटणी पूर्ण होण्याआधीच निसटणाऱ्या कणांचीही दखल घेतली. तरीही अल्फाचा दुवा कच्चाच राहिला, कारण चार कणांचा हा गठ्ठा केंद्रात आधीपासून तयार असतो की निघताना बांधला जातो, आणि त्याच्यावरील बलाचा आराखडा कसा घ्यावा, यावर उत्तर कित्येक पटींनी बदलते. अणुभट्टीच्या पोलादातील निकेल न्यूट्रॉन शोषून निकेल-५९ होते व आणखी एक न्यूट्रॉन शिरल्यावर त्यातून निघालेला अल्फा हेलियम बनून धातू ठिसूळ करतो, म्हणून मोजमापाला पर्याय उरत नाही.

पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या न्यूट्रॉन जनित्रावर असे काटछेद मोजले गेले. सक्रियण पद्धतीच्या अशा प्रयोगांत न्यूट्रॉनांचा ओघ ठरवण्यासाठी नमुन्यालगत बहुधा ॲल्युमिनियमचाच पत्रा ठेवतात, आणि नंतर त्यातले १५ तासांचे सोडियम मोजतात.