बुटक्या कोंबडीची रवण

भालकीच्या आमच्या वाड्यात आजीची एक बॅंटम कोंबडी होती, जेमतेम अर्ध्या शेराची. जावा बेटावरच्या बांतेन बंदरावरून या बुटक्या जातीला ते नाव पडलं. दिसायला शोभेची, पण खुडूक झाली की दुसरीची अंडीसुद्धा मन लावून उबवायची.

१९५६च्या दसऱ्याला उदगीरच्या आत्यानं पाठवलेली पाच गावरान अंडी आजीनं तिच्याखाली रवणीला घातली. तेव्हा भालकी, उदगीर दोन्ही हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात. १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली. आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, उदगीर मुंबई राज्यात.

एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर आली, नेमकी भाऊबीजेला. आत्या ओवाळायला आलेली. वडिलांना म्हणाली, "दादा, मी आता परराज्यातली का रे?" वडील काही बोलेनात. आजीनं डालगं उचललं, पिल्लं आईच्या पंखाखाली शिरली. म्हणाली, "हिला विचार, ही कुठल्या राज्याची ते."

मी तेव्हा सहा वर्षांचा. पुढं बँकेत सीमेच्या दोन्हीकडचे खातेदार भेटले. सीमेचा वाद निघाला की मला अजून ते डालगंच आठवतं.