उत्तर समुद्रांतील लाटेची साक्ष

लाटेची उंची सांगतांना खलाशी हातचें राखीत नाहीं, असा विद्वानांचा फार दिवस समज होता. ध्रुवाकडील थंड हवा आणि दक्षिणेकडील ऊबदार हवा यांची गांठ पडली म्हणजे उत्तरेच्या शीत समुद्रांवर न्यूनभाराचीं आवर्तें उठतात. त्यांच्या वाऱ्याचा वेग, तो वाहण्याचा काळ आणि पाण्यावरील त्याची अखंड धांव, या तिहींवर लाट वाढते. नॉर्वेचे स्व्हेर्ड्रुप व त्यांचे शिष्य मंक यांनीं हें गणित बसविलें; १९४४ सालीं नॉर्मंडीवर सैन्य उतरवितांना तें कामीं आलें. पण त्या गणितांत राक्षसी लाटेला जागा नव्हती.

१ जानेवारी १९९५ रोजीं उत्तर समुद्रांतील ड्रॉपनर या नॉर्वेजियन वायुमंचाखालून वादळांत एक लाट गेली. भोंवतालच्या मोठ्या लाटांची सरासरी सुमारें १२ मीटर. ही मात्र २५.६ मीटर भरली! मोजणारा खलाशी नव्हता, लेसर यंत्र होतें. खलाशांना थापाडे ठरविण्यांत विद्वानांनीं घाईच केली, असें म्हटलें पाहिजे. २०१९ सालीं एडिंबरो येथील गोल कुंडांत तीच लाट लहान प्रमाणावर उठविण्यांत आली; त्याकरितां लाटांचे दोन समूह सुमारें १२० अंशांच्या कोनांत एकमेकांवर सोडावे लागले.