जळजळ, विंचू आणि महाड

रात्री दहाला पिझ्झा, वर कोल्ड कॉफी आणि दीड वाजता छातीत जळजळ. आपल्या आयटीवाल्यांचा घरचाच आजार! आयुर्वेदात याला अम्लपित्त म्हणतात. आपण एक गोळी टाकतो आणि कूस बदलतो. पण या गोळीमागची कल्पना थेट महाड-पोलादपूरपर्यंत पोचते, हे माहीत आहे का?

आपलं शरीर पेशींना रसायनांतून निरोप पाठवतं, आणि तो घ्यायला पेशीवर ठराविक जागा असते : रिसेप्टर. ती जागा आधीच अडवून ठेवली तर? जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने साठच्या दशकात हृदयाकडे जाणारा अ‍ॅड्रेनालिनचा निरोप असाच अडवला. मग जठराला आम्ल बनवायला सांगणाऱ्या हिस्टामिनची पाळी आली. त्यातून १९७६ मध्ये सिमेटिडिन हे औषध ब्रिटनमध्ये विकायला आलं आणि अल्सरच्या कितीतरी शस्त्रक्रिया टळल्या. १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल मिळालं.

इकडे १९७६ मध्येच डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली मुलं यायची. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार. दिसायला पोट बिघडल्यासारखंच. पण विषामुळे अंगात अ‍ॅड्रेनालिनसारख्या रसायनांचा पूर आलेला असायचा. पुढे हृदय थकायचं, फुप्फुसात पाणी भरायचं. अशा गंभीर रुग्णांपैकी साधारण ३० टक्के दगावत. उलटी आणि घाम ही हृदयाची आगाऊ सूचना आहे, हे बावस्करांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. १९८३ पासून ते प्राझोसिन देऊ लागले. ही रक्तदाबाची साधी गोळी, काम तेच : निरोपाची जागा अडवणं. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दोन्हीकडे युक्ती एकच. पण गोळी उपयोगी पडते ती लक्षण नीट वाचल्यावर. अन्ननलिका आणि हृदय यांच्या वेदना मज्जारज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे मेंदूचाही घोटाळा होतो. म्हणून मंडळी, जळजळीबरोबर घाम, धाप, किंवा हाताकडे-जबड्याकडे सरकणारी कळ असेल, तर अँटासिडची बाटली शोधत बसू नका. तडक दवाखाना गाठा आणि ईसीजी काढा. पित्तच निघालं तर उत्तमच, सकाळी आमसुलाचं सार आहेच!