देवळालीचा गोळा, खोडदची कडा

देवळाली कॅम्प हे तोफांचे गाव. ब्रिटिश अमदानीत इथे मायदेशी परतणाऱ्या पलटणी जहाजाची वाट पाहत असत. १९४० च्या दशकात काकूलहून तोफखान्याची शाळा इथे आली. १५५ मिलिमीटर तोफेचा गोळा आवाजाच्या दुपटीहून अधिक वेगाने सुटतो आणि त्याच्या नाकापुढे हवेत आघात-तरंग उभा राहतो. माख आणि झाल्शर या शास्त्रज्ञांनी बंदुकीच्या गोळीभोवती टिपून १८८७ साली प्रसिद्ध केला तोच हा प्रकार. त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण तेवढ्यात हवेचे रेणू एकमेकांवर आपटून ऊर्जा वाटून घेतात. हाती उरते ती गरम हवा आणि कानठळ्या बसवणारा आवाज.

आता एबेल ३३७६ हा दीर्घिकांचा समूह घ्या. त्याच्या दोन बाजूंचे अवाढव्य रेडिओ कंस पुण्याच्या आयुकातील जॉयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी २००६ साली जाहीर केले; पुढे नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीने ते कमी वारंवारतेवर तपासले. हे कंस म्हणजे दोन समूहांच्या टकरीतून उठलेल्या आघात-तरंगांच्या खुणा. त्या तरंगांचा माख अंक, म्हणजे वेग आवाजाच्या किती पट तो आकडा, दोन-तीनच, तोफगोळ्याच्याच तोडीचा. तरीही तिथले इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावतात. तेव्हा स्फोटाचा जोर कणांना भिरकावतो, ही सर्रास समजूत टिकत नाही.

कुणी म्हणेल, माख अंक सारखा असला तरी तिथला वेग सेकंदाला हजारो किलोमीटर आहे. खरे आहे, आणि तरंग ओलांडण्याच्या एका फेरीत कणाची किती ऊर्जा-कमाई होणार ते या वेगावरच ठरते. पण दाट हवेत कितीही वेग दिला तरी आपटाआपटीत ती कमाई लगेच वाटली जाणार. अवकाशातला वायू इतका विरळ, की कण एकमेकांना जवळजवळ भेटतच नाहीत. त्यांना वळवतात ती गुंतलेली चुंबकीय क्षेत्रे. तरंगाच्या कुठल्याही बाजूने पाहिले तरी पलीकडचा वायू आपल्याकडेच येताना दिसतो, म्हणून प्रत्येक ओलांडणीत कणाचा फायदाच. भौतिकशास्त्रज्ञ फर्मीने १९४९ मध्ये सैरावैरा फिरणारे ढग कल्पिले होते. त्यांत कधी लाभ, कधी तोटा, त्यामुळे गती फार मंद. प्रत्येक ओलांडणीत फायदा देणारा हिशेब आघात-तरंगाला लावला तो १९७७-७८ मध्ये क्रिम्स्की, अ‍ॅक्सफर्ड, बेल, ब्लँडफर्ड आणि ओस्ट्रायकर यांनी, बहुतेक एकमेकांच्या नकळत. जीएमआरटीच्या नोंदींत पूर्वेकडच्या कंसाची बाहेरची कडा ताज्या इलेक्ट्रॉनांची दिसते, तर आतल्या अंगाला ते थकत गेलेले. तरंग कडेशीच असेल तर हेच अपेक्षित.

एक हरकत मात्र अजून उभी आहे. इतक्या दुबळ्या तरंगाला थंड इलेक्ट्रॉन सहजी उचलता येत नाहीत. जवळच्या रेडिओ दीर्घिकांनी आधीच वेग दिलेले जुने इलेक्ट्रॉन तो पुन्हा पळवत असावा, हा त्यावरचा खुलासा पटण्याजोगा आहे. पण मग पहिला वेग कुणी दिला, याचे उत्तर त्या दीर्घिकांच्या दारात जाऊनच शोधावे लागते.